एका घाण्यात दोनशे शहाऐंशी

...आणि वर मलाच विचारतात, "एवढी घाई कसली होती?" घाई! अहो, घाई नव्हती, उत्साह होता! पण आमच्या घरात उत्साहाला काडीची किंमत नाही, तुम्हाला सांगतो. मी काहीही करायला घेतलं... खुर्च्यांना रंग द्या, खिडक्यांच्या जाळ्या बदला, काहीही... की बायको हात पुसत पुसत येऊन मागे उभी राहणार आणि म्हणणार, "अहो, आधी एक करून बघा." सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं हेच एक वाक्य! आणि सांगते कुणाला? मला! मी बिस्किटांच्या कारखान्यात काय करतो, माहितीय? प्रत्येक घाण्यातलं एक बिस्किट उचलायचं, मोडायचं, चावायचं, आणि मग बाकीच्या घाण्याला म्हणायचं, जाऊ दे. एक करून बघणं हाच माझा धंदा! आता दिवसभर तेच केल्यावर माणसाने घरी येऊनही तेच करायचं? शिंपी काय घरी येऊन बायकापोरांची मापं घेत बसतो?

तर झालं काय, बाबा गेले. म्हणजे... तिथून सुरुवात करायची नव्हती मला, पण सुरुवात तिथूनच आहे, त्याला मी तरी काय करू. दीड वर्ष झालं. ताई, माझी मोठी बहीण, ती लांब असते. तिला वेळेत पोचता आलं नाही. आधी विमान, मग गाडी, मग दुसरी गाडी, आली तेव्हा सगळं आटपलं होतं. तेव्हापासून प्रत्येक फोनला एकच. "अरे, तू एवढा कॅमेरा घेऊन फिरायचास, बाबांचे व्हिडिओ असतील ना? मला त्यांचा आवाज ऐकायचाय रे. ते 'चिमणे' म्हणतात ना, तेवढं एकदा." पंचावन्न वर्षांची बाई हो, स्वतः सासूबाई झालीय, पण बाबांची चिमणीच. मी म्हटलं, असतील काय, आहेत! दोनशे शहाऐंशी आहेत! तू सुट्टीला इकडे सासरी येशील ना, तेव्हा रविवारी ये, आख्खा दिवस बसून बघू.

आता हे व्हिडिओ माझ्या जुन्या कॅमेऱ्यातले. त्या कॅमेऱ्याची फाईल अशी विचित्र, की नवीन टीव्हीला दाखवली की तो म्हणतो, 'ही फाईल चालवता येत नाही.' एवढा भिंतभर टीव्ही, आणि म्हणे चालवता येत नाही! म्हणजे सगळ्या फाईली दुसऱ्या प्रकारात बदलायच्या. एकेक करून बदलत बसलो असतो, तर ताई येऊन, राहून, परत गेली असती. पण असं एक सॉफ्टवेअर असतं, त्यात सगळ्या फाईली एकदम ओतायच्या, एक बटण दाबायचं आणि चहा प्यायला जायचं. मला तर ते बघूनच भरून आलं. हा आपला घाणाच की! एका घाण्यात दोनशे शहाऐंशी!

आणि ते सॉफ्टवेअर मला नवीन नाही बरं का. कारखान्यात आमच्या पट्ट्यावर कॅमेरा आहे. दिवसभर बिस्किटं जातात, त्याचं चित्रण होतं, आणि ते लहान करून ठेवायचं काम माझ्याकडे. त्याची सगळी सेटिंग मी तयार करून ठेवलीत, कोणती टिक हवी, कोणती नको. म्हटलं, नव्याने डोकं कशाला खाजवा? पेनड्राइव्हवर तीच सेटिंग घरी आणली. शनिवारी सकाळी बसलो. बायको आली. हात पुसत. मी वळलोसुद्धा नाही. मी म्हटलं, "माहितीय काय म्हणणार आहेस." ती म्हणाली, "मग करा ना तसं. आधी एक करून बघा." मी बटण दाबलं.

काय सांगू तुम्हाला, ते बघायलासुद्धा छान वाटत होतं! हिरवी पट्टी पुढे सरकतेय, दोनशे शहाऐंशीपैकी सतरा, अठरा, एकोणीस... जेवलो, एक डुलकी काढली, उठलो तर दोनशे दोन! पाच वाजता सगळं तयार. मी ताईला फोन करून सांगितलंसुद्धा, "ये, तुझे बाबा टीव्हीवर वाट बघतायत." असं मी बोललो. आपल्या तोंडाने.

मग सहज एक लावून बघितला. बाबा खुर्चीत बसलेत, हसतायत, बोलतायत... आवाज नाही. म्हटलं, टीव्हीचा आवाज कमी असेल. वाढवला. चाळीस. सत्तर. शंभर! बाबा आपले गप्प. म्हटलं, टीव्हीच बिघडला की काय, म्हणून बातम्या लावल्या... आणि तो निवेदक असा ओरडला म्हणून सांगू, वरच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने जमीन ठोकली, आणि आतल्या खोलीतून आई, आमची आई, बाहेर येऊन म्हणाली, "काही पडलं का रे?"

यातली गंमत तुम्हाला कळली नाही. आमच्या आईला ऐकू येत नाही! बत्तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात, मागांच्या खोलीत गेली तिची. बाबा पण तिथेच, शेजारच्या मागावर. दोनशे माग एकदम खटखटखटखट, तिथे बोंब मारली तरी शेजारच्याला कळायचं नाही. मग तिथे कुणी आवाज काढायचंच नाही. नुसते ओठ हलवायचे, आणि समोरच्याने ओठ बघून समजायचं. सगळी खोलीच तसं बोलायची. आईचे कान त्यात गेले, पण सवय घरी आली. आम्ही लहानपणी ताटावर बसलेले असायचो आणि हे दोघं समोरासमोर तोंडं हलवतायत. आम्हाला वाटायचं, घास चावतायत. आणि मधेच दोघं फिस्सकन हसायचे! घास चावताना हसण्यासारखं काय असतं, हे कोडं मला दहा वर्षं सुटलं नव्हतं.

असो. तर ती निवेदकाची बोंब आईला कळली, बाबांचा आवाज मात्र कुणालाच नाही. दुसरा व्हिडिओ लावला. मुका. दहावा. मुका. शंभरावा... आणि मग, तुम्हाला सांगतो, मला आठवलं. कारखान्यातली सेटिंग! त्यात आवाजाची टिक मीच काढलेली. मीच! बिस्किटं काय बोलणार आहेत, म्हटलं, आवाज कशाला ठेवा, उगाच जागा अडते! आणि त्याच्याच खाली दुसरी टिक, 'काम झाल्यावर मूळ फाईल काढून टाका.' ती मात्र ठेवलेली. कालची बिस्किटं कोण जपून ठेवतं?

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत. आख्खं कॉम्प्युटर उचलून धावत गेलो, पायात दोन वेगळ्या चपला. बाईंनी तासभर खटपट केली. "काका, नवीन फाईली जुन्यांच्याच जागेवर बसल्यात. दुसरी कॉपी?" नाही. "कॅमेऱ्यातली कार्डं?" पुसली, जागा हवी होती म्हणून. "कुणाला पाठवले होते कधी?" एवढ्या मोठ्या फाईली कशा पाठवणार? मग त्या बाईंनी चष्मा काढला, इतक्या मायेने माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "काका... आधी एक करून बघायचं ना."

मी कॉम्प्युटर परत उचललं. बारा वर्षांचे बाबा होते त्यात. बोलणारे, खोकणारे, शिंकल्यावर स्वतःच दचकणारे. ते मी माझ्या हाताने पुसले होते.

घरी आलो. वाटलं, आता बायको म्हणणार. पण नाही म्हणाली हो! पाणी आणून दिलं आणि शेजारी बसली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

रविवारी ताई आली. भाऊजी मागून बॅगा घेऊन. ताईने नवा रुमाल आणला होता, म्हणाली, "आज लागणार." दारातच मी सगळं सांगून टाकलं, एका श्वासात, चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत. मला वाटलं, ती चिडेल, दोन रट्टे देईल, लहानपणी द्यायची. तिने फक्त विचारलं, "एकाही व्हिडिओत नाही?" मी मान हलवली. ती खाली बसली आणि रुमालाची घडी घालायला लागली. घातलेलीच होती घडी.

आणि आई! आईला यातलं काहीच माहीत नाही! ती चष्मा पुसून टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसलेली. "लावा की रे! केव्हाची बसलेय!" आता तिला काय सांगणार? म्हटलं, तिला तरी बघू दे. लावला.

पहिलाच व्हिडिओ, भाऊजींचा. म्हणजे जेवणाच्या टेबलाशी भाऊजी बोलतायत, विषय कुठलाही असो, भाऊजी पाऊण तास बोलतात. आणि बाबा समोर बसून आदराने मान डोलवतायत. आई खुदकन हसली. ताईने तिच्यासमोर जाऊन विचारलं, "काय गं?" आणि आई म्हणते... तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ना, त्यामुळे ती सगळं जाहीर सभेसारखंच बोलते... "हे मला विचारतायत, जावयाचं बटण कुठे आहे गं, बंद करायचं!"

भाऊजी समोरच! मी म्हटलं, "आई, हे... बाबा असं म्हणाले?" आई म्हणाली, "मग? दिसत नाही का तुम्हाला?"

नाही हो! आम्हाला कधी दिसलंच नव्हतं! मी कॅमेरा धरायचो, आई माझ्या शेजारी असायची आणि बाबा कॅमेऱ्याकडे नाही, तिच्याकडे बघून बोलायचे, बिनआवाजाचे! हे आवाज असतानासुद्धा कधी ऐकू आलं नसतं! मग काय, लावा दुसरा, लावा तिसरा. कधी पाहुण्यांच्या तोंडावर, "हे जेवून जाणार की राहणार?" कधी मी कॅमेऱ्यामागूनच नवा शर्ट दाखवतोय तर, "छान म्हण गं, घेऊन बसलाय." भाऊजीच सगळ्यात मोठ्याने हसत होते, आणि त्या दिवशी, खरं सांगतो, दुपारभर एक अक्षर बोलले नाहीत.

मग तो व्हिडिओ आला. ताई परदेशी निघाली तेव्हाचा. फाटकाशी गाडी, ताईच्या हातात बॅग, बाबा काहीतरी बोलतायत. ताई पुढे सरकून बसली. मला वाटलं, बंद करावा, पण रिमोट सापडेना. आई टीव्हीकडे बघत, त्या तिच्या मोठ्या सपाट आवाजात म्हणाली, "चिमणे, नीट जा. पोचलीस की कळव." ताईने रुमाल तोंडावर धरला. आणि बाबा तिच्यापासून वळून आईकडे बघतात, त्यांचे ओठ हलतात. मग म्हणाली, "माझा चष्मा कुठे आहे गं, मला ती दिसत नाहीये." आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "चष्मा डोळ्यांवरच होता."

नाही, मी ठीक आहे. पाणी नको.

तर शेवटचा. हा एकच बायकोने काढलेला, म्हणून यात मी आहे. मी पुस्तकांच्या फळ्यांसाठी भिंतीला भोकं पाडतोय. सोळा भोकं, एका दमात! बाबा मागे खुर्चीत, चहा पीत, मान हलवतायत. इतकी वर्षं मला वाटायचं, ते कौतुक करतायत. मी मुद्दाम आईसमोर जाऊन विचारलं, "काय म्हणतायत?" आई म्हणाली, "नको, त्यांनी सांगू नको म्हटलंय." मी म्हटलं, "आई, सांग." तर म्हणाली, "म्हणतायत, याला म्हणावं, आधी एक पाडून बघ."

बायको छताकडे बघायला लागली.

"मग म्हणतायत," आई म्हणाली, "नको, राहू दे. सांगू नकोस. हिरमुसेल. फळी पडली तर मी आहे ना."

पडली होती फळी. तिसऱ्या दिवशी. मी कामावरून आलो तर पुन्हा जागेवर, पुस्तकंसुद्धा लावलेली, आणि मला वाटलं, मीच पक्की बसवलीय. अकरा वर्षं सगळ्यांना तेच सांगतोय. मग मात्र मी ताईचा रुमाल मागून घेतला.

जाताना ताई मला म्हणाली, "हे सगळं त्या त्या व्हिडिओखाली लिहून ठेव. आई आहे तोवर. ती भाषा आता तिला एकटीलाच येते." खरंय. म्हणून हे असं दुखऱ्या पाठीने बसलोय. आई बघते, सांगते, मी थांबवतो, लिहितो, पुन्हा लावतो. आज कितवा? चौथा. अजून दोनशे ब्याऐंशी. परवा मी नुसतं एवढंच म्हटलं, की आई, आपण सगळे एकदम लावून...

बायको दारात उभी होती. हात पुसत. काहीच बोलली नाही. नुसते ओठ हलवले.

आणि तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदाच, मला ती भाषा कळली.