डावा भिंगाला, उजवा कागदाला

भिवंडीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं नंबराची वाट बघत होतं.

“अहो, मोतीबिंदू दाखवायला येताना कुणी वडिलांचा पितळी मायक्रोस्कोप पेटीत घालून आणतं का?”

“डॉक्टर दोन्ही डोळ्यांत लांबचं दिसणारं भिंग बसवू म्हणतात. मला ते चालणार नाही.”

“सगळ्यांना चालतं.”

“सगळे झाडांची पानं तपासत नाहीत, सुनीती. डावा डोळा मायक्रोस्कोपला लावायचा; आतलं चित्र लांब असल्यासारखं दिसतं, म्हणून त्याला लांबचं पुरतं. उजव्यानं त्याच वेळी शेजारच्या कागदावर बघून चित्र काढायचं. त्याला जवळचं लागतं.”

“मग एक डोळा मिटून बघा की.”

“ते नवशिक्यांचं काम. बाबा गणेशपुरीच्या रानात दगडावर हा मांडून बसायचे, दोन्ही डोळे उघडे ठेवून.”

“डॉक्टर हसतील तुम्हाला.”

“हसू देत. हसून झालं की बसवतील.”

“आणि मला कोणत्या डोळ्यानं बघणार?”

“उजव्या. तू जवळच असतेस.”

“रुसून लांब जाऊन बसले तर?”

“तेवढ्यासाठी डावा आहे.”

“द्या इकडे ती पेटी. डॉक्टरांना मीच सांगते.”