मैनेच्या भल्यासाठीच हो!

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही आधी शांत व्हा!" अहो, पोरीला शाळेबाहेर काढता आणि मला पाण्याचा ग्लास देता? तुम्हाला सांगते, लाँड्री आहे आमची, भलेभले डाग काढलेत मी, पण ही शाळेतली माणसं! धुतल्या तांदळासारखी! काढायला डागच सापडत नाही!

आमची मैना. कागदावर नाव वेगळं आहे, पण ही मैनाच. कारण स्वतःचं फारसं बोलत नाही, दुसऱ्याचं ऐकलेलं मात्र जसंच्या तसं, अगदी त्याच आवाजात! डॉक्टर म्हणाले, स्वमग्नता. सासूबाई म्हणाल्या, "असू दे गं, उलट तर बोलत नाही ना? तुझ्यापेक्षा बरी!"

प्रवेश घेतला तेव्हा मुख्याध्यापिकाबाई काय गोड! "सगळी मुलं आमचीच!" आणि मग सुरू झाले फोन. मी कुणाच्या तरी कॉलरवर इस्त्री टेकवायला आणि फोन वाजायला एकच गाठ. "जरा घेऊन जाता का? घंटा झाली की कान दाबून ओरडते. तिच्या भल्यासाठीच हो!" सहलीला नको, तिच्या भल्यासाठीच. नाटकात नको, तिच्या भल्यासाठीच. परीक्षेला तर, "उद्या पाठवूच नका, वर्गाचा निकाल खाली..." आणि जीभ चावली! "म्हणजे... तिच्या भल्यासाठीच हो!" इकडे गिऱ्हाइकाच्या शर्टाला भोक! त्याचं भलं कुणी बघायचं?

मग एके दिवशी मोठे साहेब आले शाळा तपासायला. सकाळीच फोन, मैनेला न्या. कशी नेऊ? आमचे हे बस चालवतात, ते तिकडे, दुकानात मी एकटी, दारात गिऱ्हाइकं. राहिली पोर वर्गात. साहेबांना नेमकी हीच दिसली! "काय गं बाळ, तुझ्या बाई काय म्हणतात?" मैना उभी राहिली आणि वर्गाच्या बाईंच्या आवाजात, त्यांच्या उसाशासकट म्हणाली, "ही कार्टी एकदाची जाऊ दे गं बाई, म्हणजे मी सुटले!"

साहेब हसले म्हणे. बाकी कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंचं मला बोलावणं. "मुलीची भाषा बघा!" मी म्हटलं, "बाई, भाषा तुमची आहे, पोरीचा नुसता गळा." झालं! मी उद्धट, मी भांडकुदळ, शांत व्हा, पाणी प्या! "दाखला घेऊन जा, दुसरीकडे रमेल. तिच्या भल्यासाठीच हो!"

दुसरीकडे? दुसरीकडे फोन केला की जागा असते! मग मी तिचं दुखणं सांगते आणि माझं वाक्य संपायच्या आत जागा भरते! कोण पळत येऊन बसतं तिथे, देव जाणे...

पालकांच्या ग्रुपमधूनही काढलं मला. वातावरण बिघडतं म्हणे. रोज फाटकापाशी माझ्याशी तासन्‌तास गप्पा मारणारी ती शिंपीणबाई, आता मला बघून रस्ता ओलांडते. तिलाही पोर शिकवायचंय, तिला काय बोलू? आणि फाटकावरचा शिपाई, "ताई, तुम्हाला आत सोडू नका सांगितलंय. आता तुमच्या भल्यासाठीच..." बिचारा खाली बघत होता.

मैना आता दुकानात बसते. गणवेश घालूनच! काढू देत नाही. परवा चादरींच्या घड्या घालत होते, तर मागून तोच गोड आवाज, "सगळी मुलं आमचीच!" मी दचकून वळले. बाई नव्हत्या हो, मैना होती. मी इस्त्री बंद केली आणि चादरीत तोंड खुपसून बसले.

आणि आता कळस ऐका. शाळेच्या फाटकावर हा एवढा मोठा फलक लागलाय, "इथे प्रत्येक मूल खास!" आणि खाली फोटो कुणाचा? आमच्या मैनेचा! दात काढून हसतेय, फुगा धरून! मी ताडकन जाब विचारायला निघाले, तर शिपाई आडवा. आणि मैना? फोटोकडे बघून टाळ्या पिटत म्हणाली, आणि कुणाचं ऐकलेलं नव्हे बरं का, स्वतःचं, "आई, मी आत!"

काय सांगू तिला? आता रोज सकाळी हट्ट करून मला तिथे नेते, त्या फलकाला टाटा करते, मग गुमान दुकानात येते. फलक काढायला लावते, म्हणाले होते मी. पण म्हटलं, जाऊ दे... निदान फोटोची तरी हजेरी शंभर टक्के आहे!