सुटलेली नाडी

एक्स-रेच्या रांगेत, आखडलेली मान धरून बसलेल्या शिंपीणबाईंच्या पुढच्याच बाकावर, फुटबॉलच्या कपड्यांत दोघी जावा येऊन टेकल्या. धाकटीच्या मांडीवर जिंकलेला कप आणि पायाचा अंगठा टम्म सुजलेला.

“अंगठ्यानं कोण मारतं गं बॉल?”

“घाईत लागला, जाऊबाई. पण जाळं हललं ना?”

“हललं तर. सासूबाईसुद्धा बाकावर चढून नाचल्या. आठ सामने गोलसमोर पोचायचीस आणि बॉल मला द्यायचीस.”

“तुम्ही मोठ्या. तुम्हाला डावलून कशी मारू?”

“आणि मी तो आभाळात धाडायचे.”

“मी बोलले का कधी?”

“तेच तर. मग आज फायनलला कसा मारलास?”

“तुम्हालाच देणार होते. पण तुम्ही बुटाची नाडी बांधायला खाली बसलेल्या.”

“नाडी सुटलीच नव्हती.”