आईचा खरा रंग

दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर दोघे भाऊ बसले होते. दोघांच्या गळ्यात कॅमेरे होते, दोन वेगळ्या कंपन्यांचे, आणि मध्ये त्यांची आई.

"दादा, तुझ्या फोटोत आई बघ. गाल कसे गुलाबी! मेकअप केलाय का तिने?"

"आणि तुझ्यात? पिवळीधमक! तुझ्या कंपनीला रंगांतलं ओ की ठो कळत नाही."

"माझा कॅमेरा आहे तेच दाखवतो. तुझ्यासारखं तोंडदेखलं गोड बोलत नाही."

"अरे, डोळ्यांचं पांढरंसुद्धा पिवळं आलंय. असे डोळे असतात का कुणाचे?"

"ते सोड, पापण्या बघ. एकूण एक मोजून घे!"

"पापण्या कुणाला मोजायच्यात? मी रंगाचं बोलतोय."

"बाळांनो, मला पुन्हा मळमळतंय रे."

"आई, हलू नकोस ना! उजेड काय सुरेख पडलाय."

"हां, असंच बस. मीपण एक काढतो. आता होऊनच जाऊ दे."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी आईची पापणी नुसती खाली ओढली.

"अहो, ही तर चांगलीच कावीळ आहे! कधीपासून पिवळ्या दिसतायत या?"

"कुठल्या कॅमेऱ्यात?" थोरल्याने विचारलं.