कुठून कापायचं

इंडोनेशियातल्या सेमारंग शहरात, नकाशे छापण्याच्या दुकानात ताज्या शाईचा वास दाटला होता. रांगेत रेत्नोच्या पुढे केक विकणारी सुलास्त्री आणि तिचा नवरा हार्जोनो आपल्या नव्या घराचा नकाशा घेऊन उभे होते. प्रत निघाली, की उद्या गवंडी कामाला लागणार होते.

"अहो, हे उभं चित्र कसलं?"

"छेद म्हणतात त्याला. घर उभं कापलं की आतलं जे दिसेल, ते."

"कापलंय कुठून?"

"न्हाणीघरातून."

"तिथे बघण्यासारखं काय आहे?"

"पद्धतच असते तशी."

"पद्धत मला नका शिकवू. थरांचा केक रोज कापते मी. करपलेल्या बाजूला सुरी लावत नाही."

"अगं, घर म्हणजे केक आहे का?"

"नसेना का! स्वयंपाकघरातून कापून बघू."

मागे उभ्या रेत्नोने न मागताच पेन्सिल पुढे केली. सुलास्त्रीने स्वयंपाकघरावरून रेघ ओढली.

"बोला, इथे छताखाली काय येतं?"

"माळा. छोटासाच."

"कशाला?"

"कबुतरांना."

"ती तर विकली म्हणालात!"

"मित्राकडे ठेवलीत."

"राहू दे माळा. शिडी मात्र स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी उतरवा. तुम्ही रोज भांडी घासायची, मगच वर चढायचं."