हरणाऱ्यानं सांगायचा विनोद

जर्मनीत इंगोलश्टाटच्या आउसलेंडरआम्टात, म्हणजे परदेशी लोकांच्या व्हिसा कचेरीत, नंबराची वाट बघत मीनल वहीत लिहून आणलेलं जर्मन वाक्य घोकत होती. मागच्या बाकावर एका मराठी जोडप्याची जुंपली होती.

“अहो, बेकरीतल्या माझ्या जर्मनची टर इंटरनेटवर उडवलीत?”

“अगं, आम्ही बुद्धिबळ खेळणारे कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहितो ना, त्या ग्रुपचा नियमच आहे. ज्याचा प्रोग्रॅम बुद्धिबळात हरेल, त्यानं घरच्या कुणाच्या तरी मोडक्या भाषेतला विनोद सांगायचा. अमेरिकेतला, मिनेसोटाचा एक म्हातारा नॉर्वेहून आलेल्या आजोबांचं इंग्लिश लिहितो. काय हसतो आम्ही!”

“मग तुमच्या आजोबांचं लिहा की!”

“ते कधी साताऱ्याबाहेर गेलेच नाहीत.”

“म्हणून मी सापडले? आणि दर आठवड्याला हरता कसे हो तुम्ही?”

“प्रोग्रॅम कच्चा आहे अजून. पण तू सगळ्यांना आवडतेस, गेनाऊ, अगदी खरं!”

“त्या म्हाताऱ्याचे आजोबा केव्हाच वारले. मला उद्या सकाळी त्याच बेकरीत जायचंय.”

तेवढ्यात त्यांचा नंबर झळकला. नवरा फाईल घेऊन उठला.

“बसा खाली. मी बोलते. तुम्ही पुढच्या आठवड्यासाठी लिहून घ्या.”

काउंटरवरून तिचा अडखळता, खणखणीत आवाज येऊ लागला. मीनलनं वही मिटून पर्समध्ये टाकली.