थेल्माकाकूंची जीप

माजी सैनिकांच्या मिरवणुकीची सकाळ होती. आयोवातल्या त्या लहानशा गावात, चर्चच्या तळघरात, लोर्ना कॉफीच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे मिरवणुकीचा संयोजक ड्वेन होता आणि ऐंशी ओलांडलेल्या थेल्माबाई होत्या.

"काकू, तुम्ही जीपमध्ये मागे बसायचं आणि लोकांना हात हलवायचा."

"हात हलवायला नव्हते गेले रे मी युद्धात. ट्रक चालवायला गेले होते."

"ते चव्वेचाळीस साली, फ्रान्समध्ये."

"चिखलातून, दिवे बंद ठेवून. इथे तर चांगला डांबरी रस्ता आहे."

"दोन्ही बाजूंना माणसं असणार हो."

"तिथेही होती. त्यांच्याकडे बंदुका होत्या."

"तुमचं लायसन्स कधीचं संपलंय. शेरीफ मला आत टाकेल."

"त्याला मी कालच विचारलं. रस्ता बंदच आहे म्हणाला, ड्वेनची हरकत नसेल तर चालवा."

"आणि माझी हरकत असेल तर?"

"तर जाते घरी. दरवर्षी मला सैनिकांच्या बायकांमध्ये बसवता. यंदा जीपची मागची सीट रिकामी राहील."

ड्वेनने खिशातून जीपची किल्ली काढली.

"गिअर जड आहे तिचा."

"किल्ली दे."

तासाभराने बँडच्या मागून जीप आली. थेल्माबाई ताठ बसून चालवत होत्या आणि शेजारी ड्वेनने दोन्ही हातांनी सीट धरली होती. लोर्ना शाळेपाशी उभी होती. मिरवणूक तिथे संपली, जीप मात्र थांबली नाही.

"काकू, इथे थांबायचंय."

"धान्याच्या कोठारापर्यंत जाऊन येऊ. इंजिन आत्ता कुठे तापलंय."